मिसिसिपीने पलीकडे टाकलेलं गाव

अमेरिकेच्या नकाशात इलिनॉय आणि मिसूरी या दोन राज्यांच्या मधून मिसिसिपी नदी वाहते. पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिसूरी. शाळकरी मुलालाही पाठ होईल इतकी सोपी हद्द. पण सेंट लुईस शहराच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर नकाशा जरा मोठा करून पाहा. तिथे सीमारेषा अचानक नदीची साथ सोडते, पश्चिमेकडे मोठा वळसा घेते, जमिनीचा एक भलाथोरला तुकडा पोटात घालते आणि मग पुन्हा नदीला येऊन मिळते. हा तुकडा नदीच्या मिसूरीच्या बाजूला आहे, पण राज्य इलिनॉयचं. त्यात एक गाव आहे, कास्कास्किया. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली २१.

नकाशा काढणाऱ्याचा हात चुकला असावा, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण रेषा जिथे असायला हवी तिथेच आहे. हललेली आहे ती नदी.

२०२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं पूर्ण होतात. अशा वेळी फिलाडेल्फिया आणि बॉस्टनच्या गोष्टी भरपूर वाचायला मिळतात. ज्या राज्यात आज शिकागो आहे त्याची पहिली राजधानी मात्र हे एकवीस माणसांचं गाव होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

गाव म्हणजे नेमकं काय?

इलिनॉयमध्ये ‘व्हिलेज’ हा शब्द आकाराचा नाही, कायद्याचा आहे. ज्या वस्तीने स्वतःचं स्थानिक शासन रीतसर स्थापन केलं, निवडून आलेलं मंडळ आणि अध्यक्ष नेमले, ती ‘व्हिलेज’ असू शकते. शिकागोजवळचं शॉमबर्ग आपल्याकडच्या अनेकांना नातेवाइकांमुळे ऐकून माहीत असतं. पाऊण लाखाहून जास्त वस्तीचं ते शहर कागदोपत्री ‘व्हिलेज’च आहे, आणि एकवीस वस्तीचं कास्कास्कियाही तेच. त्यामुळे हे गाव म्हणजे ओसाड पडलेला अवशेष आहे असं समजू नये. इथले लोक इलिनॉयच्या निवडणुकीत मतदान करतात आणि इथले रस्ते इलिनॉयचं खातं सांभाळतं.

राजधानीपर्यंतचा प्रवास

गावाचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांचं. कास्कास्किया ही इलिनॉय समूहातली एक जमात. १७०३ मध्ये फ्रेंच जेझुइट धर्मप्रसारक आणि या जमातीचे लोक मिळून इथे येऊन वसले. जागा मोठी हुशारीने निवडलेली होती. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला कास्कास्किया नावाचीच एक लहान नदी, आणि दोन्हींच्या मध्ये गाळाची काळी सपाट जमीन. काही मैल दक्षिणेला लहान नदी मोठीला मिळायची. म्हणजे गाव जिभेसारख्या लांबट भूभागावर होतं आणि दोन्ही अंगांना पाणी होतं. लहान नदीच्या पलीकडे उंच टेकड्यांची रांग.

फ्रेंच कॅनडातून शेतकरी आणि व्यापारी आले. त्यांनी नदीपासून आत जाणाऱ्या लांबच लांब अरुंद पट्ट्यांत शेतं पाडली, गहू पिकवला आणि तो बोटींनी खाली न्यू ऑर्लीन्सला पाठवला. या सुबत्तेमागे गुलामांचे कष्ट होते, आफ्रिकी आणि मूळनिवासी अशा दोन्ही गुलामांचे. गावाची आठवण काढताना ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते, पण ती गाळून गोष्ट खरी होत नाही.

१७६३ मध्ये पॅरिसचा तह झाला. फ्रान्सने मिसिसिपीच्या पूर्वेचा मुलूख ब्रिटनला दिला. पश्चिमेचा त्याआधीच स्पेनच्या पदरात टाकला होता. इथल्या माणसांसाठी मिसिसिपी तोवर वाहतुकीचा रस्ता होती. दोन्ही काठांवर त्यांचीच सोयरीक. ती एकदम दोन साम्राज्यांमधली सरहद्द झाली, आणि तीही हजारो मैलांवर बसलेल्या, ही नदी कधी न पाहिलेल्या लोकांच्या सहीने. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच निघतो. ब्रिटिशांची सत्ता नको म्हणून बरीच फ्रेंच कुटुंबं नदी ओलांडून पश्चिम काठावरच्या सेंट जेनेव्हीव्हला गेली.

१७७८ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध इथवर पोहोचलं. व्हर्जिनियाचा जॉर्ज रॉजर्स क्लार्क सुमारे पावणेदोनशे माणसं घेऊन ओहायो नदीने आला. पुढे त्यांनी बोटी सोडल्या आणि जंगल-माळरानातून पायी मजल मारत ४ जुलैच्या रात्री गाव ताब्यात घेतलं. एकही गोळी झाडावी लागली नाही. फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरल्याचं कळल्यावर गावकरी निर्धास्त झाले आणि त्यांनी चर्चची घंटा वाजवली, असं सांगतात.

ती घंटा अजून आहे. १७४१ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल शहरात ओतलेली, पंधराव्या लुईने या चर्चला भेट दिलेली, वजन सुमारे ६५० पौंड, म्हणजे जवळजवळ तीनशे किलो. फिलाडेल्फियाच्या जगप्रसिद्ध स्वातंत्र्यघंटेपेक्षा ती अकरा वर्षांनी थोरली. ‘पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा’ या नावाने ती ओळखली जाते आणि चर्चशेजारी १९४८ मध्ये बांधलेल्या छोट्या विटांच्या वास्तूत ठेवलेली आहे.

१८०९ मध्ये इलिनॉय प्रदेशाची राजधानी म्हणून कास्कास्कियाची निवड झाली. १८१४ मध्ये इलिनॉयमधलं पहिलं वर्तमानपत्र इथेच निघालं. १८१८ मध्ये इलिनॉय राज्य झालं तेव्हा पहिलं विधिमंडळ इथल्याच एका भाड्याच्या दुमजली इमारतीत भरलं. पण ज्यांच्या नावाने हे गाव ओळखलं जात होतं ते कास्कास्किया लोक तोवर जवळजवळ बाजूला सारले गेले होते. १८०३ च्या तहात त्यांनी प्रचंड मोठा मुलूख गमावला. त्यांच्या हाती आलं ते वर्षाला हजार डॉलर, चर्च बांधायला तीनशे डॉलर आणि सरदारासाठी एक घर. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमातल्या पिओरिया जमातीत आहेत.

१८२० मध्ये राजधानी व्हँडेलियाला गेली. १८४४ च्या महापुराने गावाची दाणादाण उडवली आणि काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, मुख्यालयही टेकडीवरच्या चेस्टरला हललं. पण गाव आपल्या जागी होतं.

नदी पात्र सोडते म्हणजे काय?

शेताला दारं धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाचं पाणी गाळ टाकत टाकत स्वतःचाच तळ उंच करतं. शेजारी सखल सरी असते. एखाद्या ठिकाणी पाटाचा बांध खचला की पाणी त्या सरीत घुसतं. पहिल्या पाचेक मिनिटांत खोऱ्यानं माती ओढली तर ठीक. नाहीतर पाणी तिथली माती खरवडून वाट रुंद करतं आणि जुना पाट कोरडा पडतो. नदी नेमकं हेच करते, फक्त तिला खोरं लावणारं कुणी नसतं.

नदी दोन प्रकारे हलते, आणि हा फरक पुढे कायद्यात कळीचा ठरतो. पहिला प्रकार सावकाश. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार आपटते, तो काठ ढासळतो. आतल्या काठाला पाणी संथ असतं, तिथे मळई साचते. दरवर्षी थोडं थोडं करत नदी सरकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा प्रकार अचानक. पुरात नदी एखादी अरुंद पट्टी फोडते, जवळची वाट धरते आणि जुनं पात्र टाकून देते. याला पात्रांतर म्हणू. कास्कास्कियाजवळ ते १८८१ मध्ये झालं.

मग हे १८८१ मध्येच का झालं?

पूर तर दोनशे वर्षं येतच होते. म्हणून शंका रास्त आहे. याचं एक उत्तर आगबोटींत सापडतं. १८१७ मध्ये पहिली आगबोट सेंट लुईसला पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत या नदीवर वाफेच्या बोटींची रीघ लागली. बोटींच्या भट्ट्यांत लाकूड जळायचं. प्रवासात पुन्हा पुन्हा काठाला लागून नवं सरपण भरावं लागायचं, आणि ते काठावरच्याच झाडांतून यायचं. सेंट लुईस ते ओहायो नदीच्या संगमापर्यंतचे काठ उघडे पडत गेले. मुळांनी धरून ठेवलेली माती सैल झाली, काठ ढासळू लागले, पात्र रुंद आणि उथळ झालं. उथळ पात्रात पाणी मावेना, म्हणून पूर अधिक पसरू लागले. या भागातल्या जुन्या फ्रेंच वस्त्या एकामागून एक पाण्यात गेल्या, त्यामागे हे मोठं कारण असल्याचं अभ्यासक मानतात.

कास्कास्कियात झालं ते असं. गावाच्या वरच्या अंगाला मिसिसिपीचं एक वळण पूर्वेकडे, लहान नदीच्या दिशेने सरकत होतं. दोन पात्रांमधली जमीन वर्षागणिक चिंचोळी होत गेली. एप्रिल १८८१ च्या पुरात मिसिसिपीने ती पट्टी फोडली आणि ती लहान नदीच्या पात्रात शिरली. एवढीशी नदी आणि तिच्यात मिसिसिपीचं पाणी! शेवटच्या साधारण दहा मैलांचं ते पात्र मिसिसिपीने कायमचं बळकावलं. पश्चिमेकडचं जुनं पात्र हळूहळू गाळाने भरलं आणि आता ते तुंबलेल्या ओढ्यासारखं उरलं आहे. लहान नदी आज मोठीला पूर्वीपेक्षा बरीच वर मिळते.

गाव एका रात्रीत बुडालं का?

नाही, आणि मला हाच भाग सगळ्यांत जास्त चटका लावतो. नवं पात्र गावाच्या पूर्वेच्या कडेलाच होतं. नदी ते रुंद करत गेली आणि गाव काठाकाठाने कापलं गेलं. आज एकाचं अंगण, पुढच्या साली दुसऱ्याची भिंत, मग रस्ता. लोकांना सामान हलवायला वेळ मिळाला, पण नेता येणार नाही असं बरंच होतं. कबरस्तानं धुपू लागली तेव्हा १८९० च्या दशकात हजारो मृतांचे अवशेष उकरून नदीपलीकडे जुना किल्ला असलेल्या टेकडीवर नेऊन पुरले गेले. चर्चही उतरवून १८९३-९४ मध्ये दक्षिणेकडे नव्या जागी उभं केलं. विसावं शतक उजाडेपर्यंत जुन्या राजधानीचा जवळजवळ मागमूस उरला नाही.

म्हणजे आजचं कास्कास्किया मूळ जागेवर नाही. जिथे विधिमंडळ भरलं तिथून आता मिसिसिपी वाहते. त्या जमान्यातलं जे वाचलं ते टेकडीच्या बाजूला: किल्ल्याचे मातीचे बांध, आणि पायथ्याशी राज्याचे पहिले नायब राज्यपाल पिअर मेनार्ड यांचं फ्रेंच धाटणीचं घर. पूर्वी गावातून तिथे जायला लहान नदी ओलांडली की झालं. आता मध्ये मिसिसिपी आहे आणि त्या जागी पूल नाही.

मग ते मिसूरीचं का झालं नाही?

हद्द जर ‘मिसिसिपीच्या मुख्य धारेचा मध्य’ अशी लिहिलेली असेल, तर नदी सरकली की हद्दही सरकायला हवी, असं सहज वाटतं. निम्मं बरोबर आहे. नदी सावकाश सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते. काठाला मळई साचली तर ती त्या काठाची. आपल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही मळईच्या जमिनीसाठी तरतुदी आहेत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण नदीने अचानक पात्र टाकलं तर हद्द जुन्या पात्राच्या मध्यावरच राहते, मग तिथे पाणी असो वा नसो.

अमेरिकेत हा नियम पक्का झाला तो दुसऱ्या एका गावावरून. १८७७ मध्ये मिसूरी नदीने ओमाहा शहराजवळ एक वळण तोडलं आणि आयोवा राज्याचा तुकडा नेब्रास्काच्या बाजूला पडला. दोन्ही राज्यं भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. १८९२ मध्ये निकाल लागला: पात्रांतर झालं, हद्द हलली नाही. कार्टर लेक हे गाव त्यामुळे आजही आयोवाचं आहे. इलिनॉय आणि मिसूरी यांच्यातला या पट्ट्यातला वादही पुढे त्याच न्यायालयात गेला आणि १९७० मध्ये मिटला. कास्कास्किया इलिनॉयकडेच राहिलं.

असा नियम कशासाठी? जमिनीचे उतारे, कर, मतदारयाद्या, वारसाहक्क, लग्नाचे दाखले हे सगळं राज्याच्या कायद्याने चालतं. एका रात्रीच्या पुराने हजारो एकरांचं राज्य बदललं तर रात्री झोपलेला शेतकरी सकाळी परक्या कायद्याखाली उठेल. सावकाश बदलात प्रत्येक वर्षीचा फरक इतका थोडा असतो की कुणाचं फारसं बिघडत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. नकाशा विचित्र दिसला तरी चालेल, माणसांची व्यवस्था मोडता कामा नये.

मग देऊनच टाका की मिसूरीला!

हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सहज उडवून लावता येणार नाही. गावात जायचा एकमेव पूल मिसूरीतल्या सेंट मेरीकडून येतो, जुन्या पात्रावरून. पत्रांचा पिनकोड मिसूरीचा, ६३६७३. टेलिफोनचा विभागीय क्रमांक मात्र इलिनॉयचा, ६१८. स्वतःच्या काउंटीच्या कचेरीत, म्हणजे चेस्टरला जायचं तर आधी दुसऱ्या राज्यात शिरायचं, तिथून खाली जायचं आणि मोठा पूल ओलांडून परत आपल्या राज्यात यायचं.

पण राज्याची हद्द बदलायची तर दोन्ही राज्यांची विधिमंडळं आणि वर अमेरिकेची काँग्रेस, सगळ्यांची संमती लागते. मूठभर मतदारांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? शिवाय पहिली राजधानी शेजाऱ्याला देऊन टाकायला कुठलं राज्य तयार होईल? जुन्या इमारतीतलं काहीच उरलेलं नसताना ‘ही आमची जागा’ एवढंच उरतं, आणि ते सोडवत नाही.

इतकं होऊनही तिथे कुणी राहतंच कशाला?

जमिनीसाठी. पुराने आणलेला गाळ म्हणजे मका, सोयाबीन आणि गव्हासाठी सोन्यासारखी जमीन. जुन्या आणि नव्या पात्रांमधल्या या बेटाभोवती मातीचा उंच बांध आहे आणि बांधाच्या आत शेती चालते. अनेक जण जमीन इथे कसतात आणि राहायला मात्र उंचावर असतात.

तो बांध किती पुरतो हे १९९३ मध्ये कळलं. त्या उन्हाळ्यात मिसिसिपीला महापूर आला, जुलैत बांध फुटला आणि अख्खं बेट डोक्यावरून पाण्यात गेलं. बांध पुन्हा उभारला, पण बरेच जण परतले नाहीत. २००० च्या जनगणनेत गावात नऊ माणसं होती. २०१० मध्ये चौदा, २०२० मध्ये एकवीस. आकडे चिमुकले आहेत, पण चढते आहेत.

‘उंचावर का नाही गेले?’ असं विचारणाऱ्यांकडे उदाहरणं आहेत. सेंट जेनेव्हीव्हने १७८५ च्या पुरानंतर जागा बदलली, म्हणून तिथली उभ्या लाकडांची फ्रेंच घरं आजही पाहता येतात. इलिनॉयचंच व्हालमायर गाव १९९३ नंतर सरकारी मदतीने कड्यावर जाऊन नव्याने वसलं. घरांपुरतं पाहिलं तर तोच शहाणा मार्ग, यात मला शंका नाही. पण शेत काही कड्यावर नेता येत नाही. आणि जुनं गाव सोडून काही मैलांवर नवं गाव वसवणं कास्कास्कियाने एकदा केलेलंच आहे. ते त्याच पूरमैदानात केलं, कारण पोट तिथेच होतं.

हे आता होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळमधल्या कुसहा इथे कोसी नदीने तटबंध फोडला आणि ती शंभरहून अधिक किलोमीटर पूर्वेकडच्या जुन्या वाटेने बिहारमध्ये उतरली. लाखो लोक बेघर झाले. प्रक्रिया तीच, फक्त वस्ती दाट.

मिसिसिपीची पुढची नैसर्गिक उडी कुठे असेल हेही अभियंत्यांना माहीत आहे. लुइझियानात अॅचाफालाया नावाची एक शाखा फुटते. तिथून समुद्र मुख्य पात्राच्या मानाने निम्म्याहून कमी अंतरावर आहे, म्हणजे उतार जास्त. नदीला सोडलं तर ती तिकडेच जाईल आणि न्यू ऑर्लीन्स व बॅटन रूज ही शहरं, त्यांची बंदरं, कारखाने आणि पिण्याचं पाणी मरत चाललेल्या पात्रावर राहील. ते टाळण्यासाठी १९६३ मध्ये ‘ओल्ड रिव्हर’ इथे प्रचंड दारं बांधली गेली. कायद्याने प्रमाण ठरवलं आहे: सत्तर टक्के पाणी मुख्य पात्रात, तीस टक्के अॅचाफालायात. १९७३ च्या पुराने त्या बांधकामाचा पाया खालून इतका खरवडला की ते जाता जाता राहिलं. त्यानंतर शेजारी आणखी एक रचना उभारावी लागली, ती १९८६ मध्ये पुरी झाली. तेव्हापासून वर्षाचे बाराही महिने तिथे कुणीतरी पाणी मोजून दारं वरखाली करत असतं, आणि हे काम थांबवण्याची कुठलीही तारीख ठरलेली नाही.